हाफ क्लच

खड्डा नव्हता. रतिलाल म्हणाला खड्डा होता, आणि कुंदा नुसतं हं म्हणाली, पण खड्डा नव्हता. नशिराबादच्या अलीकडे, हायवेच्या कडेला गोणपाट अंथरून बसलेल्या एका बाईची कैऱ्यांची टोपली होती ती, आणि फियाटचं डावं चाक तिच्यावरून गेलं होतं. वैशाखातली दिवेलागणीची वेळ, सावद्याचं लग्न उरकून दोघं जळगावला परतत होती. डाव्या खिडकीशी बसलेल्या कुंदाला टोपली दिसली, टोपलीच्या काठावर टेकवलेला बाईचा हात दिसला, शेवटच्या क्षणाला तो हात मागे खेचला गेला तेही दिसलं. मग चाकाखाली काहीतरी कडकड फुटलं. रतिलालनं शांतपणे गिअर बदलला आणि म्हणाला, ह्या लोकांनी रस्त्यांची पार वाट लावली आहे, केवढा खड्डा. कुंदानं मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. बाई उभी राहून हातवारे करत होती, शिव्याच देत असणार, आणि द्यायलाच हव्या होत्या. कुंदाच्या तोंडून 'थांबा' काही निघालं नाही. तो हात वीतभर पुढे असता तर, हे तिच्या मनात आलं आणि घर येईपर्यंत, घर आल्यावर, कुलूप काढताना, कुकर लावताना तेवढंच येत राहिलं.

बरं, तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? माहीत होतं. माहीत असून गप्प बसायची तिला सवय लागली होती, आणि हीच गोष्ट तिला आता टोचत होती. रतिलालला साखर होऊन बारा वर्षं झालेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गेल्या दिवाळीत सांगितलं होतं की पडद्यावर रक्त उतरतंय, औषधानं फार काही होणार नाही, आणि गाडी चालवणं बंद करा. रतिलालनं मान डोलावली होती, फी दिली होती आणि तिथून गाडी चालवत घरी आला होता. तेव्हापासून चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवायचा आणि कप पडला की कुंदानं फडकं आणायचं. पेपर वाचायला घ्यायचा आणि मला जरा मोठ्यानं वाचून दाखव, डोकं चढलंय, म्हणायचं. त्याची शेतीपंपांची एजन्सी. एरंडोल, पारोळा, अमळनेर, खेडोपाडी फिरणं. पंप विकणाऱ्या माणसाला दिसत नाही म्हटल्यावर कोण त्याच्याकडे येणार, असं तो एकदाच बोलला. दिवसा मला सगळं दिसतं, तो म्हणायचा, संध्याकाळी जरा अंधुक होतं इतकंच. ती ते धरून बसली होती. दिवसा दिसतं ना, मग झालं. तिसरीच्या वर्गात बेचाळीस पोरांना ओरडून गप्प करणारी बाई, आणि घरी नवऱ्यापुढे दातखीळ बसायची. भेकड कुठली, असं ती आता स्वतःलाच म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सांगून टाकलं. खड्डा नव्हता, टोपली होती, बाई बसली होती. रतिलाल दाढी करत होता. त्याचा हात गालावर थांबला. तो आरशाकडे तोंड करून उभा राहिला, आणि आरशात त्याला काय दिसत असेल, काही दिसत असेल का, असं कुंदाच्या मनात आलं. बाईला लागलं का, त्यानं विचारलं. नाही म्हणाली. मग त्यानं साबण पुसला.

"असं कर, तू शीक," तो म्हणाला. "श्रावणात कानबाईला धुळ्याला जायचंच आहे. ह्या घरापासून भाऊच्या ओट्यापर्यंत तू गाडी नेलीस, की मी पुन्हा किल्लीला हात लावणार नाही. नाही नेलीस, तर मी आहेच."

तो हसतच म्हणाला, कारण बायको शिकेल असं त्याला वाटलंच नव्हतं. कुंदालाही वाटलं नव्हतं. सायकल येत नव्हती तिला, रस्ता ओलांडताना ती अजून कोणाचा तरी दंड धरायची. आणि कानबाई म्हणजे सुटका नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी थोरल्या दिरांच्या घरी कानबाई देवी बसते, सगळी भाऊबंदकी जमते, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मुठीचे गहू रोटासाठी, देवीच्या प्रसादासाठी दळले जातात. ज्याच्या नावाचे गहू त्यानं रोटाला हजर पाहिजे. एस.टी.नं जाऊ म्हटलं असतं तर रतिलालचं उत्तर तिला पाठ होतं. अकरा वर्षं तो कानबाईला स्वतःच्या गाडीनं गेला होता, भाऊबंदांत पहिली गाडी त्याची. म्हणजे हिशेब सरळ होता. ती नाही शिकली तर श्रावणात, पावसापाण्यात, पंचाण्णव किलोमीटर तो चालवणार आणि ती डाव्या खिडकीत बसून रस्त्याकडेची माणसं बघणार.

शिकवायला भेटले ते उखर्डूभाऊ. पंचवीस वर्षं रावेर-सावद्याची केळी ट्रकनं दिल्लीला पोचवून कंबर गेल्यावर त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं होतं, म्हणजे एक जुनी फियाट आणि तिला डाव्या बाजूला जोडून घेतलेला जादा क्लच नि ब्रेक. मेहरूण तलावाच्या रस्त्यावर सकाळी सहाला शिकवणी. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी बंद ठेवून तिला गिअर टाकायला लावला. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो लांबट गिअर, आपल्याकडे ओढून खाली की पहिला, वर की दुसरा. डावा पाय, उजवा पाय, डावा हात, उजवा हात, चौघं चार वेगळी कामं करणार आणि डोळे पाचवं. कुंदाला वाटलं, हे माणसाचं काम नव्हे. चौथ्या दिवशी गाडी चालली. पाच-पन्नास पावलं बरी गेली, आणि तलावाच्या बाजूनं म्हशी वर आल्या. आठ-दहा म्हशी, ओल्या, संथ, साऱ्या रस्ताभर. उखर्डूभाऊ ब्रेक म्हणाले. कुंदानं ऐकलं. तिनं स्टिअरिंग दोन्ही मुठींनी गच्च धरलं, अंग मागे टाकलं, दोन्ही पाय पुढे रेटले आणि जीव खाऊन स्टिअरिंग आपल्याकडे ओढलं. डावा पाय क्लचवर होता आणि उजवा अॅक्सिलरेटरवर. इंजिन किंचाळायला लागलं, तरी ती ओढतच राहिली, आणि तिच्या तोंडून आवाज निघत होता, होऽ हो हो हो. उखर्डूभाऊंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. म्हशी निघून गेल्या. ते काही वेळ तिच्या मुठींकडे बघत बसले.

"कुठल्या तुम्ही बाई? सावद्याच्या ना? मंग तरीच," ते म्हणाले. "तुम्ही कासरा वढू राह्यल्या. लहानपनी गाडं हाकलं वाटते."

हाकलं होतं. तिच्या वडिलांना, तोतारामांना, पहिल्या चार मुलीच, आणि कुंदा थोरली. केळीच्या मळ्यातून घड भरून गाडं निघालं की पुढे ती बसायची, पुढच्या आडव्या लाकडाला दोन्ही पाय लावून, कासरा मनगटाला गुंडाळून. बैल उतारावर पळाले की पाय रेटायचे आणि मागे झुकून ओढायचं, वडिलांनी सांगितलेलं तेवढंच. भीती वाटली की ओढायचं. तीस-पस्तीस वर्षांत तिनं कासऱ्याला हात लावला नव्हता, आणि अंगानं ते जपून ठेवलं होतं, तिला न विचारता. बारा-तेरा वर्षांची झाली तेव्हा एके दिवशी आईनं वडिलांना काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिची जागा घडांच्या मागे आली, पाय खाली सोडून, तोंड उलट्या दिशेला. तेव्हापासून ती मागेच बसत आली होती किंवा बाजूला. रस्ता आला तसा बघायचा, आवडला तरी आणि नाही आवडला तरी. उखर्डूभाऊंनी तिला हे विचारलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की बैलाले तोंड असते, याले नाही, तुम्ही कितीबी वढा. भेव वाटलं का आधी हात ढिले सोडा, मंग उजवा पाय उचला. आधी सोडायचं. आता बघा, ज्या बाईचा अख्खा जन्म घट्ट धरून ठेवण्यात गेला, तिला भीतीच्या वेळी सोडायला सांगायचं, म्हणजे कमालच म्हणायची.

आषाढ सगळा असाच गेला. शाळेत फळ्यावर पाढे लिहिताना तिचा डावा पाय आपोआप हळूहळू वर यायचा. भाजी निवडताना ओठांतल्या ओठांत क्लच, पहिला, सोड, सोड. सगळ्यांत वाईट म्हणजे चढ. रेल्वे पुलाच्या चढावर उखर्डूभाऊ मुद्दाम गाडी थांबवायचे, हँडब्रेक ओढायला लावायचे आणि म्हणायचे, आता न्या. क्लच अर्धा सोडायचा, एवढाच की गाडीचं नाक जरासं थरथरेल, पुढे जाणार नाही आणि मागेही येणार नाही. हाफ क्लच. त्या थरथरीवर गाडी धरून ठेवायची आणि मग हँडब्रेक उतरवायचा. कुंदाला ते जमायचं नाही. गाडी एक तर आचका देऊन बंद पडायची, नाही तर मागे घसरायची, आणि मागे घसरताना पाठीला जे वाटायचं ते तिला कोणाला सांगता आलं नसतं. मागे रिक्षावाले हॉर्न वाजवायचे, कोणीतरी हमखास म्हणायचं, बाई आहे, बाई. तिचे कान तापायचे. रोज सकाळी तिला वाटायचं, आज जाऊन सांगू की माझ्याच्यानं होणार नाही. आणि रोज त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर टोपलीच्या काठावरून मागे खेचला गेलेला तो हात यायचा. मग ती चप्पल घालायची. जमतंय का, एवढंच रतिलाल विचारायचा, आणि तिला कळायचं नाही की त्याला हो ऐकायचंय की नाही. लायसन्स मिळालं त्या दिवशी त्यानं पेढे आणले, आणि पेढ्याचा पुडा टेबलाच्या कडेवर ठेवला. पुडा पडायच्या आधी तिनं धरला.

कानबाईच्या दिवशी सकाळी नऊला ती फियाटच्या उजव्या दारानं आत बसली. रतिलाल डाव्या बाजूला, स्वच्छ पांढरा शर्ट, मांडीवर नारळाची पिशवी. आठ दिवस धो-धो कोसळून पाऊस त्या दिवशी थांबला होता आणि श्रावणातलं लख्ख ऊन पडलं होतं. गिरणेच्या पुलावर समोरून ट्रक आला तेव्हा तिचे तळवे घामानं निसटायला लागले, तिनं हात ढिले सोडले आणि ट्रक भला मोठा वारा देऊन निघून गेला. काही झालं नाही. पुढच्या ट्रकलाही काही झालं नाही. भीती कमी झाली असं नाही, पण भीती एकीकडे आणि हात-पाय एकीकडे, अशी विभागणी झाली. रतिलाल रस्ता सांगत होता. आता उतार लागेल, तिसऱ्यात घे. आता उजवीकडे कापसाचं जिनिंग, बैलगाड्या निघतात, हॉर्न दे. आता मोठं वळण. सगळं बरोब्बर. एरंडोल गेलं तेव्हा कुंदाला त्याच्याविषयी एकदम माया वाटली. किती नीट सांगतो हा, किती सांभाळून, आणि आपण उगाच त्याला इतकं आंधळं समजलो. दिवसा दिसतं म्हणत होता ते खरंच होतं. तिला थोडं अपराधीही वाटलं.

एरंडोलपासून दहा-बारा किलोमीटर गेल्यावर तो म्हणाला, आता दोन कडुलिंब येतील, मग नाल्यावरचा फरशीपूल, सरळ आहे, घे चौथ्यात. कडुलिंब आले. आणि त्यांच्या पुढे रस्ताभर दगड मांडलेले होते. घागरीएवढे, चुन्यानं पांढरे केलेले, मध्ये बांबूला बांधलेलं लाल फडकं. त्यांच्या पलीकडे फरशी नव्हतीच, पावसानं खचून नाल्यात गेली होती आणि तुटलेल्या डांबराच्या कडेखाली गढूळ पाणी चाललं होतं. डावीकडून शेतात उतरणारा चिखलाचा वळणरस्ता. ऊन दगडांवर असं पडलं होतं की म्हाताऱ्यांनाही ते लांबून दिसावेत. कुंदानं वेग कमी केला.

"का गं? सरळ घे," रतिलाल म्हणाला. "मोकळा आहे रस्ता."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता. दगडांकडे, फडक्याकडे, नाल्याकडे बघत होता, मान जराशी उंच करून, चेहरा अगदी निवांत. तोताराम मळ्यातून येताना गाड्यात झोपून जायचे आणि बैल त्यांना घरी आणायचे, पायांना पाठ झालेल्या रस्त्यानं, काळोखात, कोणी न हाकता. कुंदाला हसू यायचं तेव्हा. आता तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा माणूस रस्ता बघून सांगत नव्हता. वळणं, उतार, जिनिंग, कडुलिंब, सगळं पाठ म्हणत होता. दिवाळीपासून नऊ महिने असाच तो गाडी चालवत होता, पाठ म्हणत, आणि ती शेजारी बसून होती. माणसं, गुरं, शाळेतून सुटलेली पोरं ह्यांतलं काहीच पाठ नसतं कोणाला, आणि कसली वाट बघत होतो आपण. तिला राग आला. इतका आला की स्टिअरिंग ओढून उपटून काढावं. तिनं ओढलंही, पाय रेटले, इंजिन किंचाळलं, आणि मग तिनं हात सोडले, ब्रेक दाबला, क्लच दाबला, पहिला टाकला आणि गाडी डावीकडे चिखलात उतरवली. कुठं चाललीस, रतिलाल म्हणाला, ओरडून म्हणाला. चाकं चिखल उडवत सरकली, नाल्याच्या तळाशी पाण्यातून गेली, आणि पलीकडचा चढ आला. चढावर पुढे चाललेला एक ट्रक थांबला. कुंदालाही थांबावं लागलं. तिनं हँडब्रेक ओढला, क्लच हळूहळू सोडला आणि गाडीचं नाक थरथरलं तिथं पाय धरून ठेवला. पुढे नाही, मागे नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता. ट्रक हलला. तिनं हँडब्रेक उतरवला, आणि गाडी तसूभरही मागे न येता वर चढली.

डांबरी रस्ता लागल्यावर रतिलालनं विचारलं, काय होतं तिथं. तिनं सांगितलं, फरशी खचलीय, दगड लावलेत, लाल फडकं लावलंय. त्यानं मांडीवरची पिशवी सरळ केली.

"किती होते दगड?"

"नऊ-दहा. पांढरे."

"पांढरे," तो म्हणाला.

पुढे त्यानं रस्ता सांगितला नाही. पारोळ्याच्या बाजारात तिची गाडी दोनदा बंद पडली, एक सायकलवाला अद्वातद्वा बोलला, तिनं ऐकून घेतलं. शेजारी माणूस आहे हे तिला अधूनमधून फक्त नारळाच्या पिशवीच्या आवाजावरून कळत होतं. त्याला काय वाटत असेल? दगड मोजत असेल का मनात? तिला वाटलं, धुळ्याला पोचल्यावर हा सगळ्यांसमोर म्हणेल, बायकोला हौस होती म्हणून शिकवली, मीच शेजारी बसून आणली, आणि भाऊबंद माना डोलावतील, आणि रोट खाऊन झाला की हात पुसून किल्ली मागेल. मग आपण काय करायचं? शब्द दिला होता, पण तोही हसत दिला होता. ती द्यायची नाही किल्ली. चार माणसांत तमाशा झाला तरी चालेल. आणि चार माणसांत ह्याला दिसत नाही असं आपल्या तोंडून निघालं, तर हा आपल्याला जन्मात क्षमा करणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. पस्तीस किलोमीटर ती हे दोन्ही घेऊन चालली होती. धुळे येऊच नये असं तिला पहिल्यांदा वाटलं.

आलंच. देवपुरातल्या गल्लीत कानबाईची गाणी दुरूनच ऐकू येत होती. दरसालच्या जागी, ओट्यासमोर, तिनं गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. बायका-माणसं बाहेर आली. थोरल्या जाऊबाई, बेबाअक्का, पिठाचे हात तसेच घेऊन ओट्यावर आल्या, स्टिअरिंगमागे कुंदा बघून त्यांनी तोंडावर हात नेला.

"माय वं! कुंदा गाडी लई उनी शे," कुंदानं गाडी आणली म्हणून त्या आत वळून ओरडल्या. "बठ्ठा या, दखा."

बठ्ठे आले, सगळेच. दीर आले, पुतणे आले, कोणी टाळी वाजवली, कोणी म्हणालं, रतिलाल, आता तू मालक झालास, ड्रायव्हर ठेवला. सगळे हसले. कुंदा खाली उतरली, तिनं किल्ली मुठीत आवळली. तिला वाटलं, आता. रतिलालनं डावं दार उघडलं, उतरला आणि दाराला धरून उभा राहिला. अकरा वर्षं तो उजव्या दारानं उतरत आला होता. उजव्या दारापासून ओट्यापर्यंत तीन पावलं, मग दोन पायऱ्या, अंगाला सवयीचं. डाव्या दारानं तो इथं कधी उतरलाच नव्हता. त्यानं एक पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं. नारळाची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. लोकांना वाटलं, गाडी बघतोय, कुठं खरचटली का. कुंदाला सांगता आलं असतं, ती सांगणार नव्हती. दीर पुढे होऊन म्हणाले, ये ना रे, उन्हात काय उभा. रतिलालनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि मग कुंदा जिथं असेल असं त्याला वाटत होतं तिकडे.

"कुंदा," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला दिसत नाहीये. ह्या बाजूनं ओटा कुठं येतो?"

ओट्यावरचं हसणं थांबलं. आत गाणं चालूच होतं. कुंदानं गाडीला वळसा घातला, किल्ली कंबरेला खोचली, त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तो हात आपल्या खांद्यावर ठेवला.

"आधी गटार आहे," ती म्हणाली. "पाय मोठा टाका."